पानथरी

माझ्या पर्समध्ये बसच्या पासामागे
एक कार्ड आहे, कोपरे मऊ झालेलं:
या व्यक्तीला पानथरी नाही.
अर्थात, ते हे मराठीत सांगत नाही.
कर्कॉडीच्या या दवाखान्यात
पानथरी हा शब्द आजवर कोणी उच्चारलेला नाही.
मीही नाही. मनात तेवढा.

ती गेली त्या रात्री रस्त्यावर काळा बर्फ होता.
डोळ्यांना दिसत नाही तो, चाकांना कळतो.
लाँड्रीची व्हॅन तीनदा उलटली
आणि मेंढ्यांच्या शेतात चारी चाकांवर उभी राहिली,
जणू आम्ही तिथेच निघालो होतो.
चादरी सगळीकडे. मेंढ्या बघत होत्या.

फोनवर आई म्हणाली, काढली म्हणजे?
आणि ठेवली कुठे?
आमच्याकडे पानथरी फक्त वाढायची,
हिवतापात, शाळेतल्या पोरांची,
सदऱ्याखाली डाव्या बाजूला हाताला लागायची.
काढून घेण्याची गोष्ट नव्हती ती.

सर्जन मात्र निवांत होता.
तिच्यावाचून जगता येतं, म्हणाला,
फक्त एका जातीचे जंतू आहेत, नाकातच राहतात,
इतरांच्याही राहतात, गप्प.
तुमच्या घरी आता जागं कोणी नाही
हे त्यांना कळता कामा नये.

म्हणून सकाळ-संध्याकाळ पेनिसिलिन,
ताप आला तर वाट बघायची नाही,
आणि पाच वर्षांनी एकदा, दंडात, लस.

चार पावसाळे जास्त पाहिलेत, असं म्हणायची सोय
इथे नाही, इथे रोजच भुरभुर.
मी सुया मोजते.
पहिली मिसेस गिलेस्पीच्या हातची,
टाके अजून ओले होते.
दुसरीला मुलगी सोबत आली, मला धीर द्यायला,
आणि तीच चक्कर येऊन पडली.
तिसरी आठवत नाही. बरं चाललं असणार.
चौथी तीन महिने उशिरा:
आईचे दिवस करायला गेले होते,
पत्र दाराआड पडून राहिलं.
गिलेस्पीबाईंनी स्वतः फोन केला,
शुक्रवारी मी निवृत्त होतेय,
त्याआधी तुझं उरकून टाकू दे.

आज पाचवी.
शेजारी एक पोरगेलासा बाप,
बुटांवर सिमेंट, मांडीवर वर्षाची मुलगी.
तुम्हालाही न्यूमोनियाचीच? त्याने विचारलं.
तिची आणि माझी बहिणी बहिणी, मी म्हटलं.
हसला. घाबरलेला होता, तिच्यापेक्षा जास्त.

मुकुंद चौदा महिन्यांचा होता.
मी सहा वर्षांची; मला त्याचं पोट आठवतं,
बरगड्यांखाली खड्डा पडायचा, भरायचा, पडायचा.
पोट उडतंय, बायका म्हणाल्या,
आणि ओव्याची पुरचुंडी तव्यावर ठेवली.
तालुक्याला नेताना ओढ्याच्या अलीकडेच
आईने बैलगाडी वळवायला सांगितली.
कशाने गेला, कोणी विचारलं तर
ती म्हणायची, थंडीने.
थंडी! आमच्या गावात!

आतून किंचाळी आली, पोरीची,
सणसणीत, पूर्ण छातीची.
मी ती नीट ऐकून घेतली.

नवी नर्स, आयली, तिशीची असेल नसेल.
जरासं खुपेल हं, म्हणाली, आणि खुपलं.
अर्धा मिलिलिटर,
औषधाच्या चमच्याचा दहावा हिस्सा.
एवढंसं त्या वर्षी
कुठल्याच तालुक्यात नव्हतं.
कोणाला बोल लावू?

पंधरा मिनिटं बसा, म्हणाली. बसले.
समोर ती मुलगी बिस्किट चघळत होती,
गालावरचे अश्रू अजून सुकायचे होते,
बाप तिच्या मांडीवरच्या गोल पट्टीकडे बघत होता
आपल्यालाच लागल्यासारखा.

उद्यापासून दोन दिवस हात वर जात नाही.
अनुभव आहे.
वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा
सकाळीच खाली काढून ठेवलाय.